हापूसच्या पायाखालचा रायवळ



गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक एका वहिनींच्या खळ्यात भरली होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि मग वहिनींनी विषय काढला. घरामागचा रायवळ आंबा विकायचा होता. लाकडाचा व्यापारी झाड बघून गेला होता. पावसाआधी घराचं छप्पर करायचं होतं आणि हाताशी पैसे नव्हते. "तसाही त्या आंब्याला कोण विचारतो? हापूसची पेटी विकली जाते, रायवळ झाडाखाली कुजतो," असं त्या म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकी म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या मांडवाला याच आंब्याचे टाळे होते."

त्या दिवशी निर्णय झाला नाही. पण घरी जाताना आमच्या मनात आलं, की या झाडाबद्दल आपल्याला खरं तर काय माहीत आहे? ते आलं कुठून, लावलं कुणी, आणि हापूसपुढं ते बिनकामाचं कधी ठरलं? आज तुमच्यापुढं तोच इतिहास मांडतो आहोत.

आधी आपली जुनी बाग आठवून बघा. आज बाग म्हटलं की डोळ्यांपुढं कातळावर ओळीनं लावलेली हापूसची कलमं येतात. आपल्या आजीची बाग तशी नव्हती. घरामागं रायवळ आंबा आणि फणस, त्यांच्या सावलीत रातांबा, गडग्याच्या कडेनं काजू, जांभूळ, आवळा. खाली समुद्राच्या बाजूला आगरात नारळ-पोफळी, त्यात केळी आणि अननस, पोफळीवर चढवलेली मिरी. वर सड्यावर करवंदांच्या जाळ्या. एकाच जागेत उंच, मध्यम आणि ठेंगणी झाडं. एकाचा पातेरा दुसऱ्याच्या मुळाशी कुजायचा. विकत आणलेलं खत त्या बागेला माहीत नव्हतं.

या बागेचं वर्ष बाईच्या हातानं चालायचं. फणस कोवळा असताना कुयरीची भाजी. कैऱ्या पडू लागल्या की आंबोशी आणि लोणचं. चैत्र-वैशाखात रातांबे फोडायचे, साली मीठ लावून रसात बुडवायच्या आणि पुन्हा पुन्हा उन्हात घालायच्या, मग आमसुलं तयार. बियासुद्धा टाकायच्या नाहीत. त्यांचं घट्ट तेल थंडीत फुटलेल्या टाचांना. पिकलेल्या रायवळाचा रस ताटात ओतून साठं, बरक्या फणसाच्या रसाची सांदणं, काप्याचे गरे तळायला. आठळ्या मातीत किंवा राखेत ठेवायच्या, म्हणजे पावसाळ्यात भाजी नसेल तेव्हा त्या उकडून खाता येतात. आषाढ-श्रावणात घरात दाणा कमी असायचा, त्या दिवसांना ही बाग पुरायची. याचा हिशेब कुठल्या वहीत नाही, कारण यातलं फारसं बाजारात गेलंच नाही.

आता थोडं मागं जाऊ. आंबा, फणस आणि रातांबा ही आपल्याच मातीतली झाडं. काजू मात्र परका, तो ब्राझीलहून पोर्तुगीजांबरोबर आला. अननस आणि पपईही अमेरिकेतून आलेले. ते आले आणि आपल्या बागेत मावले. गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. इथल्या औषधी झाडांवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात आंबा आहे, फणस आहे, रातांबाही आहे. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्यानं होतं. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. त्या झाडाचा आज मागमूसही नाही. पण एका माणसानं एका झाडाची नोंद केली, म्हणून साडेचारशे वर्षांनीही आपण त्याच्याबद्दल बोलतो आहोत. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

पोर्तुगीजांनी आंब्यावर कलम करण्याची रीत गोव्यात चांगली रुजवली. अल्बुकर्क या पोर्तुगीज सरदाराचं पहिलं नाव अफोन्सो. त्यावरून आफोन्सो, आणि आपल्या जिभेवर हापूस, असं मानलं जातं. त्या काळचं कलम म्हणजे भेटकलम. बाठ्यातून वाढवलेलं रोप कुंडीत घालून मोठ्या झाडाच्या फांदीशी न्यायचं, दोघांची साल तासून एकत्र बांधायची, आणि सांधा जुळला की फांदी कापून घ्यायची. प्रत्येक कलमासाठी रोपाला झाडाजवळ न्यावं लागायचं. काम सावकाश, रोपं थोडी. त्यामुळं हापूस बराच काळ पैसेवाल्यांच्या बागेतलाच राहिला. बाकीच्यांच्या दारात रायवळ होता, कारण त्याला पैसा लागत नव्हता. आंबा खाऊन बाठा टाकला, पावसात रुजला, गुरांपासून वाचवला, की झाड झालं.

झाड लावायला पैसा लागत नसला तरी जमीन लागते. आपल्या रत्नागिरीत जमीन कसणाऱ्याची नव्हती. खोत वसुली करायचा, कूळ राबायचं, आणि पुष्कळ ठिकाणी भाताचा अर्धा वाटा खोताकडे जायचा. उद्या ही जागा आपल्याकडे राहील याचा भरवसा नाही, तिथं शंभर वर्षं जगणारं झाड हौसेनं कोण लावणार? खोतीविरुद्ध मोठी झुंज शेजारच्या त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात झाली. अलिबागजवळ चरी इथं नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून काही वर्षं शेतकऱ्यांनी शेती करायचीच नाकारली. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढं १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा आला. आपल्यातल्या कितीतरी घरांना स्वतःची म्हणावी अशी जमीन त्यानंतर मिळाली. गडग्याच्या आतल्या झाडांना आपलं म्हणता आलं, ते तेव्हापासून.

मग कलम सामान्य घरात कसं आलं? त्यात दोन गोष्टी घडल्या. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आणि तिथून कोयकलमाची रीत गावोगाव पोचली. जूनमध्ये बाठे रुजवायचे. कोंब वर आला, पानं अजून तांबूस-कोवळी आहेत, तोवर शेंडा कापायचा, खाच पाडायची, तिच्यात हापूसची काडी पाचरीसारखी बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधायची. आता रोपाला झाडाकडे न्यायला नको. एका पावसाळ्यात एका रोपवाटिकेत हजारो कलमं होऊ लागली. दुसरी गोष्ट १९९० ची. राज्य सरकारनं फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली आणि शंभर टक्के अनुदान दिलं. आपल्याच जमिनीत खड्डे खणायचे, कलमं लावायची, आणि त्याची मजुरी मिळायची. पडीक कातळ हिरवा झाला. मुंबईच्या मनिऑर्डरकडे डोळे लावून बसलेल्या घरांना वर्षातून एकदा तरी आपल्या मालाचा पैसा दिसू लागला.

हापूसनं आपल्याला दिलं, ते नाकारायचं नाही. त्या पैशातून मुलांची शिक्षणं झाली, घरं झाली. पण त्याच वर्षांत जुन्या बागेचं काय झालं, तेही बघायला हवं. कलमांना जागा हवी म्हणून रायवळ पडला. पेट्यांना फळ्या हव्यात म्हणूनही रायवळ पडला; हापूस मुंबईला गेला तो पुष्कळदा रायवळाच्याच लाकडात बसून. वीटभट्टी आणि सरपणासाठी पडला तो वेगळाच. फळ न देणारे नर रातांबे तर सहज तोडले गेले. रातांब्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, नराशिवाय मादीला फळ धरणार नाही, याचा विचार कुणी केला नाही.

आणि आता या साऱ्या इतिहासातली मुख्य गोष्ट. कोयकलमात वरची काडी हापूसची असते, पण खालचं रोप कशाचं असतं? रायवळाचं. मे-जूनमध्ये आपणच बायका रायवळाचे बाठे गोळा करतो आणि रोपवाटिकेला देतो. कातळाच्या भेगेत शिरणारं मूळ त्या बाठ्याचं असतं, आणि वर मिरवणारं फळ हापूसचं. हापूसचं प्रत्येक कलम रायवळाच्या पायावर उभं आहे. सगळे रायवळ तोडले, तर उद्या कलमं बांधायची कशावर?

दुसरंही एक कारण आहे. हापूसचं कलम म्हणजे त्याच एका झाडाची फांदी, पुन्हा पुन्हा लावलेली. देवगडचं असो की रत्नागिरीचं, मुळात झाड एकच. म्हणून त्याचा स्वाद सगळीकडे ओळखू येतो, आणि म्हणूनच त्याचे दोषही सगळीकडे तेच. एका वर्षी भरपूर, दुसऱ्या वर्षी थोडं. वरून चांगला दिसणारा आंबा कापल्यावर आत साका. मोहोराच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की सगळ्यांचा मोहोर एकदम काळा. रायवळाचं तसं नाही. बाठ्यातून उगवलेलं झाड आईसारखं निघेलच असं नसतं, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एक लवकर मोहोरतो, एक उशिरा. एकाचा मोहोर गेला तरी दुसरा हाती लागतो. हापूसचा साका घालवायलाही शास्त्रज्ञांना दुसऱ्या आंब्याकडेच जावं लागलं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं दक्षिणेकडचा नीलम आणि आपला हापूस यांचा संकर करून १९८१ साली 'रत्ना' आंबा दिला, त्यात साका होत नाही. हापूसच्या बागेत काही झाडं दुसऱ्या जातींची ठेवावीत, फळ चांगलं धरतं, असं विद्यापीठही सांगतं. आपल्या सासू-आजेसासूच्या बागेत ती तशीच होती.

जुन्या झाडावर माणसाखेरीज इतरही जगतात. म्हाताऱ्या आंब्याच्या ढोलीत धनेश घर करतो, त्याला आपल्याकडे कुणी माडगरुड म्हणतं, कुणी ककणेर. मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर बाहेरून फळं आणून तिला भरवतो. खाल्लेल्या फळांच्या बिया तो रानभर टाकतो, त्यातून नवी झाडं उगवतात. पंधरा-वीस वर्षांच्या कलमाला अशी ढोली नसते. मोहोरावर येणाऱ्या मधमाश्या आणि माश्यांना रायवळ आणि जांभूळ वेगवेगळ्या वेळी खाऊ घालतात, आणि त्याच पुढं कलमांच्या मोहोरावर जातात.

रीतीभातींतही रायवळच आहे. पुष्कळ गावांत शिमग्याची होळी आंब्याची असते. ढोल वाजवत झाड आणायचं, नाचवायचं, उभं करायचं. मांडवाला टाळे आंब्याचे, कलशात पानं आंब्याची, दारात तोरण आंब्याचं. आणि घरात माणूस गेलं की सरणालाही घरचाच आंबा. म्हणून पूर्वी एखादा रायवळ मुद्दाम राखला जायचा. या झाडांना नावं होती. कुठं साखऱ्या, कुठं शेप्या, कुठं खोबऱ्या, कुठं बिटकी. कोणता लोणच्याला, कोणता साठाला, कोणता नुसता चोखायला, हे घरातल्या बाईला झाड न बघता, वासावरून कळायचं. नावं ठेवणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, कारण पुरुष मुंबईला गिरणीत होते. आजही रत्नागिरीत बायकांची संख्या जास्त आहे. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागं ११२२ स्त्रिया होत्या. गावची झाडं कुणी ओळखली, कुणी राखली, हे या एका आकड्यावरून कळतं.

तरीही झाड विकायचं ठरतं तेव्हा सही बाईची नसते. सातबारा कुणाच्या नावावर आहे, ते आपापल्या घरी एकदा बघा. २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तो कागदावर उतरला आहे का? ज्या झाडाच्या फळावर आपण घर चालवलं, त्याच्याबद्दल आपला शब्द विचारला जावा, एवढं तरी मागता येतं.

हापूसला आणि आपल्या कोकमाला सरकारी मान मिळाला आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली आणि कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दारातल्या शेप्याला किंवा साखऱ्याला असं मानांकन मिळणार नाही, कारण तो अख्ख्या जगात एकच आहे. त्याची नोंद आपल्यालाच करावी लागेल. त्यासाठी सोय आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकांकडून विचारून गावची नोंदवही तयार करायची असते. आपल्या पंचायतीत ही वही कुठं आहे, समितीत बायका कोण आहेत, हे ग्रामसभेत विचारा. आणि हेही माहीत असू द्या, की आंबा, फणस, जांभूळ ही झाडं राज्याच्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत आहेत. ती तोडायला परवानगी लागते. "सगळं आम्ही बघतो" असं व्यापारी म्हणाला, तरी परवानगीचा कागद बघायला मागा.

आता वहिनींच्या झाडाचं काय झालं ते सांगतो. पुढच्या बैठकीत गटानं त्यांना छपरासाठी कर्ज दिलं. हे दर वेळी जमेल असं नाही, गटाचा पैसा थोडाच असतो. पण या वेळी जमलं. मग जुलैमध्ये आम्ही एक काम केलं. गावात कलमं बांधणारा एक मुलगा आहे, त्याला त्या झाडावरच्या काड्या काढायला लावल्या आणि रायवळाच्याच कोंबांवर बांधल्या. बारा कलमं केली, त्यातली सात जगली. झाड फार उंच, काढणारा मिळत नाही, पडलं तर माणूस जातो, ही रायवळाबद्दलची खरी अडचण आहे. पण त्याच झाडाचं कलम केलं तर ते ठेंगणं राहतं, चार-पाच वर्षांत फळ देतं आणि आंबा मात्र तोच मिळतो. सात घरांत ती सात कलमं लावली आहेत. वहीत झाडाचं नाव लिहिलं आहे, चव लिहिली आहे, कोणत्या कामाला चांगला तेही लिहिलं आहे. काकींनी सांगितलेली मांडवाची आठवणही लिहिली आहे.

एवढ्यावर थांबायचं नाही. कलमातून जुनाच आंबा पुन्हा मिळतो, नवा आंबा बाठ्यातूनच येतो. हापूससुद्धा कधीतरी, कुणीतरी टाकलेल्या बाठ्यातूनच उगवला असणार. म्हणून या पावसात प्रत्येकीनं दोन बाठे गडग्याकडेला रुजू द्यावेत, गुरांपासून राखावेत. त्यातून काय निघेल ते आज कुणाला सांगता येत नाही. आपल्या नातींना कळेल.

तुमच्या वाडीतल्या रायवळाचं नाव काय आहे? तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हा एक प्रश्न विचारा, आणि उत्तरं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. म्हाताऱ्या बायांना आधी विचारा.